तात्पुरता वर्ग, कायमचा मुक्काम

२२ ऑक्टोबर १९६३, मंगळवार. शिकागो शहरातली सव्वादोन लाखांच्या आसपास मुलं त्या दिवशी शाळेकडे फिरकलीच नाहीत. सुट्टी नव्हती, साथही नव्हती. आईबापांनीच त्यांना घरी ठेवलं होतं, नाहीतर चर्चमध्ये एका दिवसापुरत्या भरवलेल्या 'स्वातंत्र्यशाळां'त पाठवलं होतं. हजारो लोक शिक्षण मंडळाच्या कचेरीवर मोर्चा घेऊन गेले. या रागाला कारणं बरीच होती, पण राग जिच्यावर निघत होता ती वस्तू दिसायला अगदी किरकोळ होती. वीस फूट रुंद आणि छत्तीस फूट लांब असा ॲल्युमिनियमचा डबा, शाळेच्या पटांगणात किंवा शेजारच्या मोकळ्या जागेत आणून ठेवलेला. सरकारदरबारी तो 'फिरता वर्ग' होता. लोक त्याला 'विलिस वॅगन' म्हणत. हे नाव रोझी सिम्प्सन नावाच्या एका आईने दिलं आणि ते शहरभर झालं.

विलिस म्हणजे बेंजामिन विलिस, १९५३ पासून शिकागोच्या सरकारी शाळांचे अधीक्षक. माणूस कामाचा होता. त्यांच्या कारकिर्दीत शहरात भराभर शाळा उभ्या राहिल्या, तरीही जागा पुरेना. महायुद्धानंतर जन्मलेली मुलं शाळेच्या वयाची झाली होती आणि त्याच काळात दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबं कामधंद्यासाठी शिकागोत येत होती. त्यांना शहरात हवं तिथे घर मिळत नसे, ठरावीक वस्त्यांतच राहावं लागे. त्या वस्त्यांतल्या शाळांचा पट फुगला. मग शाळा दोन पाळ्यांत भरू लागली, अर्धी मुलं सकाळी आणि अर्धी दुपारी. मुंबईकर वाचकाला सकाळ-दुपार अधिवेशनाचं नवल वाटायचं नाही. शिकागोत मात्र ते सलत होतं, कारण त्याच शहरातल्या गोऱ्या वस्त्यांतली मुलं पूर्ण वेळ शाळेत बसत होती, आणि तिथल्या काही वर्गखोल्यांना कुलूप होतं.

रिकाम्या खोल्या नेमक्या किती, यावरून भांडण जुंपलं. अधीक्षकांच्या कचेरीचा आकडा लहान होता, अर्बन लीग या संस्थेचा त्याच्या कितीतरी पट मोठा. तेव्हा वुडलॉन भागातल्या आयांनी सोपा मार्ग काढला. १९६२ मध्ये त्यांनी 'सत्यपथकं' काढली. दोघीचौघी कॅमेरा घेऊन गोऱ्या वस्तीतल्या शाळेत शिरायच्या आणि मोकळ्या खोल्यांचे, न भरलेल्या बाकांचे फोटो काढायच्या. मोजणीच करायची तर डोळ्यांनी करू, असा हा साधा हिशेब. पोलिसांनी त्यांना विनापरवाना प्रवेश केल्याबद्दल पकडलं. शाळेतले बाक मोजल्याबद्दल आईला अटक व्हावी, यावरून तो आकडा प्रशासनाला किती नाजूक जागी लागत होता ते कळतं.

फिरत्या वर्गांची योजना आली ती या वादाच्या ऐन मध्यावर. विलिस यांचं म्हणणं वरवर बिनतोड होतं. मुलाने आपल्या वस्तीतल्या शाळेत शिकावं हे मंडळाचं धोरण. वस्तीतली शाळा भरली, तर वर्ग वस्तीत आणू. डबा कारखान्यातून तयार येतो, इमारतीच्या मानाने स्वस्त पडतो, झटपट उभा राहतो आणि उद्या गरज संपली की उचलून दुसरीकडे नेता येतो. मुलांना बाक मिळेल, फळा मिळेल, दोन पाळ्या बंद होतील. यात वाईट काय?

वाईट काय ते पालकांना बरोबर दिसलं. डबे येत होते ते बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या शाळांत. त्या मुलांना काही मैलांवरच्या रिकाम्या खोलीत बसवलं असतं, तर ती गोऱ्या मुलांच्या शेजारी बसली असती, आणि ते होऊ नये म्हणून शहर पैसे मोजायला तयार होतं. एंगलवुड भागात ७३ वा रस्ता आणि लो ॲव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर, रेल्वेच्या रुळांलगतच्या जागेत असे डबे बसवायचं ठरलं, तेव्हा ऑगस्ट १९६३ मध्ये आईबाप बुलडोझरपुढे आडवे झाले. अटका झाल्या. अटक झालेल्यांत शिकागो विद्यापीठातला एक विद्यार्थी होता. त्याला २५ डॉलर दंड झाला. त्याचं नाव बर्नी सँडर्स, पुढे अमेरिकेचे सिनेटर आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीतले एक. पोलीस त्यांना उचलून नेत असतानाचं छायाचित्र २०१६ च्या निवडणुकीच्या धामधुमीत 'शिकागो ट्रिब्यून'च्या संग्रहात सापडलं, तेव्हा आजच्या पिढीला या डब्यांची गोष्ट नव्याने कळली.

विलिस यांनी ऑक्टोबर १९६३ मध्येच राजीनामा दिला. मंडळाने तो मागे घ्यायला लावला आणि ते परत आले. फेब्रुवारी १९६४ मध्ये पालकांनी पुन्हा बहिष्कार टाकला. १९६५ मध्ये केंद्रातले शिक्षण आयुक्त फ्रान्सिस केपेल यांनी वंशभेदाच्या तक्रारींवरून शिकागोचं सुमारे ३ कोटी डॉलरचं अनुदान रोखून धरलं. महापौर रिचर्ड डेली यांनी थेट अध्यक्ष जॉन्सन यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं आणि काही दिवसांत पैसे सुटले. विलिस निवृत्त झाले ते १९६६ मध्ये.

ही सगळी कथा अमेरिकेतल्या वर्णभेदाची आहे हे खरं, आणि ती तशीच वाचायला हवी. पण तिच्यात एक गोष्ट अशी आहे की जी प्रत्येक वाढत्या शहराला लागू पडते. तात्पुरता वर्ग आला की अवघड प्रश्न विचारायची निकड संपते. मुलं छपराखाली बसली, पाळ्या मिटल्या, ओरड थांबली. शिकागोत अवघड प्रश्न होता, कोणाची मुलं कोणाशेजारी बसणार. दुसऱ्या शहरात तो असेल, जमीन कोण देणार. तिसऱ्यात, पैसा कुठून आणणार. डबा या सगळ्यांना सारखंच उत्तर देतो: नंतर बघू.

यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो शिकागोनेच पुरवला आहे. मे २०१३ मध्ये याच शहराच्या शिक्षण मंडळाने एका बैठकीत ५० शाळा बंद करायचा निर्णय घेतला. कारण दिलं, मुलं कमी झाली, इमारती अर्ध्या रिकाम्या पडल्या. बंद झालेल्या बहुसंख्य शाळा कृष्णवर्णीय वस्त्यांतल्याच होत्या. मग पन्नास वर्षांपूर्वी विलिसच दूरदर्शी नव्हते का? पक्क्या इमारती बांधून त्या ओस पाडण्यापेक्षा हलवता येणारे डबे काय वाईट? मुद्दा हुशारीचा आहे, पण टिकत नाही. १९६३ मधल्या आया नव्या इमारती मागत नव्हत्या, असलेल्या खोल्या वापरा म्हणत होत्या. लोकसंख्या सरकते म्हणून शाळा हलवता यायला हवी, तर सर्वांत सहज हलतं ते मूल; त्याला बसचं तिकीट पुरतं. आणि गरज संपली की डबा निघून जातो, हे तरी कितपत खरं आहे?

त्याचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये मिळतं. तिथे १९९० च्या दशकात, स्थलांतरितांच्या लोंढ्याने शाळा भरून वाहू लागल्यावर, पटांगणांत असेच डबे आले. क्वीन्स भागातल्या रिचमंड हिल हायस्कूलच्या आवारात ते इतकी वर्षं राहिले की त्यांत शिकलेल्यांची मुलं शाळेत जायच्या वयाची झाली. २०१४ साली महापौर बिल द ब्लासिओ यांच्या प्रशासनाने सगळे डबे हटवण्यासाठी भांडवली आराखड्यात ४८ कोटी डॉलर ठेवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्क राज्याच्या मतदारांनी शाळांसाठी २ अब्ज डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. त्या पैशाच्या मंजूर उपयोगांत इंटरनेट आणि संगणकांबरोबर वर्गांचे डबे बदलून पक्क्या खोल्या बांधणं हेही होतं. तरीही आराखड्याची मुदत संपली तेव्हा डबे पूर्ण हटले नव्हते. स्वस्तात आलेली खोली काढायला एवढी महाग पडते, कारण ती काढायची तर आतल्या मुलांना दुसरी जागा द्यावी लागते, आणि ती जागा कोणी बांधलेलीच नसते.

न्यूयॉर्कच्या गोष्टीत एक तपशील असा आहे की तो प्रत्येक महापालिकेच्या हिशेबनिसाने चवीने वाचावा. कोणती शाळा किती भरली आहे हे सांगणारा एक वार्षिक अहवाल तिथे निघतो. डब्यांत बसणारी मुलं त्या अहवालात मुख्य इमारतीच्या पटात धरली जात नसत. म्हणजे शाळेत मुलं मावत नाहीत म्हणून ती डब्यात बसवायची, आणि ती डब्यात बसली की शाळा कागदावर सुटसुटीत. २०१४ मध्ये ही मोजणी बदलली, डब्यांतली मुलं मूळ इमारतीच्या खात्यात जमा झाली, आणि अनेक शाळांची गर्दी एका रात्रीत 'वाढली'. मुलं तेवढीच होती.

कॅलिफोर्नियात डबे आले ते एका चांगल्या सुधारणेपायी. १९९६ मध्ये राज्याने ठरवलं की पहिल्या काही इयत्तांत एका वर्गात २० च्या आसपासच मुलं असावीत. अनुदान लगेच जाहीर झालं, शाळांनी लगेच वर्ग पाडले, पण खोल्या लगेच कुठून येणार? पटांगणं डब्यांनी भरली. २००४ मध्ये राज्याच्या दोन खात्यांनी या वर्गांच्या आरोग्याविषयी विधिमंडळाला अहवाल दिला, तोवर राज्यात असे सुमारे ८०,००० वर्ग होते, एकूण वर्गखोल्यांच्या जवळजवळ एकतृतीयांश. अहवालात प्लायवूड आणि फर्निचरमधून निघणाऱ्या फॉर्माल्डिहाइडची नोंद होती, ओल आणि बुरशीची होती. सर्वांत बोलकी नोंद वेगळीच. हवा खेळती ठेवणारं यंत्र डब्याच्या भिंतीलाच टांगलेलं असे आणि त्याचा आवाज इतका, की शिकवणं ऐकू जावं म्हणून अनेक शिक्षक ते बंदच करून टाकत. मग हवा कोंडायची. कागदावर खोलीत यंत्र होतं, वापरात नव्हतं.

आपल्याकडे यंत्राचा प्रश्न नाही, पत्र्याचा आहे. जूनमध्ये मुंबईत पावसाची सर पत्र्यावर कोसळू लागली की बाईंनी कितीही घसा ताणला तरी तिसऱ्या बाकापलीकडे काही पोहोचत नाही. मार्च-एप्रिलमध्ये नागपूर-चंद्रपूरकडे तोच पत्रा दुपारच्या अधिवेशनाला तापलेला असतो. ज्या खोलीत ऐकू येत नाही आणि बसवत नाही, ती खोली शाळेच्या मालमत्ता नोंदवहीत मात्र एक खोली म्हणूनच भरते.

याहून भयानक उदाहरण तमिळनाडूचं आहे. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणममधल्या एका खासगी शाळेत मधल्या वेळचं जेवण शिजत असताना स्वयंपाकघरात आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या वर्गांच्या गवती छपराने पेट घेतला. जळतं छप्पर मुलांवर कोसळलं. ९४ मुलं गेली. गवताचं छप्पर म्हणजे वाढीव वर्गांसाठी काढलेला सर्वांत स्वस्त मार्ग. या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं आणि शाळांच्या इमारतींसाठी अग्निसुरक्षेचे निर्देश दिले.

त्याच वर्षी शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं ते लिहिलं आहे: सर्व ऋतूंत वापरता येईल अशी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, खेळाचं मैदान. यातली दुसरी आणि शेवटची अट एकमेकींना लागून वाचायला हव्यात. पटांगणात शेड घालून वर्गखोलीचा निकष पुरा केला, की मैदानाचा निकष हातून जातो. शहरात हे सर्रास होतं, कारण शाळेच्या ताब्यात असलेली एकमेव मोकळी जमीन तीच असते. त्या तुकड्यावर मुलं कबड्डी खेळतात, परिपाठ करतात, डबा खातात. खोलीचा खर्च सगळे मोजतात. गेलेल्या पटांगणाचा कोणी मोजत नाही.

तात्पुरत्या वर्गाला सरसकट नावं ठेवण्यात मात्र अर्थ नाही. इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्ट २०२३ रोजी, शाळा उघडायला मोजके दिवस उरले असताना, सरकारने शंभराहून अधिक शाळांना आपल्या इमारतींचे काही भाग बंद करायला सांगितलं. दोषी होतं एक हलकं, बुडबुड्यांचं काँक्रीट, युद्धोत्तर दशकांत छपरांसाठी सढळ हाताने वापरलेलं. त्याचं आयुष्य साधारण ३० वर्षं धरलेलं होतं, आणि ती कधीच उलटली होती. २०१८ मध्ये केंट परगण्यातल्या एका प्राथमिक शाळेचं असं छप्पर शनिवार-रविवारच्या सुट्टीत कोसळलं, म्हणून मुलं वाचली. २०२३ मध्ये त्या शाळांनी पटांगणात केबिन मागवल्या नसत्या, तर मुलं घरीच बसली असती. भूकंप झाला, पूर आला, छप्पर धोकादायक ठरलं, तर दुसऱ्या आठवड्यात उभी राहणारी खोली हे वरदानच आहे. पक्की इमारत मंजूर होऊन उभी राहीपर्यंत पहिलीतलं मूल चौथीत जातं. त्याला आज बाक हवा. पण इंग्लंडची हकिगत बारकाईने पाहिली तर तिथेही मूळ दुखणं तेच होतं. ३० वर्षांची वस्तू बसवली, ती तारीख कोणीतरी कुठेतरी लिहिली, आणि पुढच्या सरकारांनी ती वाचायची तसदी घेतली नाही.

आता महाराष्ट्राच्या शहरांकडे. विकास आराखड्यात शाळेसाठी भूखंड आरक्षित होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार, आराखडा मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत तो ताब्यात घेतला नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरल्या मुदतीत पालिकेने भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. म्हणजे शहराच्या नकाशावर दिसणारी शाळा नोटिशीच्या एका कागदाने पुसली जाते. तोवर भोवती बावीस-बावीस मजल्यांचे मनोरे उभे राहिलेले असतात, त्यांना भोगवटा प्रमाणपत्रं मिळालेली असतात, आणि त्या मनोऱ्यांत धुणीभांडी करणाऱ्या, पहारा देणाऱ्या माणसांची मुलं जुन्या पालिका शाळेच्या आवारातल्या शेडमध्ये बसतात. शेडचं टेंडर निघतं तेव्हा आरक्षणाच्या फाइलचं काय झालं हे विचारायची कोणाला गरज वाटत नाही. तिथे गुन्हेगार एक नसतो. नगररचना खातं एका मजल्यावर, शिक्षण खातं दुसऱ्या, आणि दोघांचे जिने वेगळे.

म्हणून तात्पुरत्या वर्गाच्या मंजुरीच्या ठरावात चार गोष्टी असाव्यात. पायी किंवा बसने गाठता येईल अशा अंतरात रिकाम्या खोल्या आहेत का, याचं शोधून दिलेलं उत्तर, खोल्यांच्या यादीसकट. पक्क्या खोलीची जागा कोणती आणि तिच्या आरक्षणाची दहा वर्षं कधी संपतात. शेड हटवायची तारीख. आणि हटवण्याचा व पर्यायी खोलीचा खर्च, त्याच अंदाजपत्रकात, वेगळ्या लेखाशीर्षाखाली. यातली तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि तीच सर्वांत क्वचित दिसते. यूडायस या देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीच्या वार्षिक माहितीत शाळा आपल्या इमारतीचा प्रकार आणि खोल्यांची अवस्था भरून देते. तात्पुरती खोली कोणत्या साली आली आणि कधी जाणार, हेही त्यात असावं. न्यूयॉर्कची मोजणीतली गंमत आपल्याकडे होऊ नये म्हणून त्या खोलीतली मुलं 'जागा कमी' या रकान्यातच धरली जावीत.

हे मागायला नवा कायदा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार महापालिकेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. कलम २२ नुसार ही समिती शाळेचा विकास आराखडा तयार करते, आणि अनुदान त्या आराखड्याच्या आधारे द्यायचं असं कायदाच म्हणतो. बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापक तो भरतात आणि पालक सही करतात. पुढच्या सहीआधी पालकांनी त्यात दोन ओळी घालून घ्याव्यात: आवारातल्या शेडचं वर्ष, आणि ती हटवायची तारीख.